झोर्का आत आली की बाहेर गेली

एडिसन

अमेरिकेत माझं पहिलं भांडण भडंगावरून झालं. एडिसनला मावसभावाच्या घरी बॅग टाकली, अंघोळ केली आणि तो मला ओक ट्री रोडवर घेऊन गेला. रस्ता म्हणजे आपलाच बाजार, फक्त धूळ आणि हॉर्न काढून घेतलेले. एका दुकानात ‘कोल्हापुरी भडंग’ असं छापलेलं पाकीट दिसलं. उलटून पाहिलं तर माल गुजरातचा. वास घेतला तर लसूण नावालाही नाही. मी भाव विचारला आणि सवयीनं निम्मा सांगितला.

गल्ल्यावरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातलं किंमत वाचायचं यंत्र माझ्यासमोर धरलं. “काका, भाव इस से करो. ये मान गया तो मैं भी मान जाऊँगी.”

मावसभाऊ माझा दंड धरून बाहेर घेऊन आला. “दादा, इथं असं करत नाहीत.”

“कसं करतात?”

“इथं कुपन असतं.”

ज्या देशात भाव करता येत नाही, तिथं मी सौदा करायला आलो होतो. अपशकुन तिथंच झाला असं आमची मंडळी फोनवर म्हणाली. मी म्हटलं, माझ्या पिशवीत सांगलीचं खरं भडंग आहे, अपशकुन कसला होतोय!

सौदा काय होता ते आधी सांगतो.

माझं सांगलीत जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. सुरुवात फूटपाथवर गोणपाट अंथरून केली. घरी जनावरं होती, वडील दूध घालायचे, आणि पुस्तकांशी आमच्या घराण्याचा संबंध एवढाच, की लोण्याचा गोळा पुस्तकाच्या पानात बांधून द्यायचा. माझ्या पोरवयात गावात रशियन पुस्तकांची गाडी यायची. जाड गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, मजकूर चक्क मराठीत, आणि किंमत इतकी कमी की घासाघीस करायला लाज वाटावी. त्यात एक पुस्तक होतं, ‘झोर्काची घंटा’. लेखक येगोर लुझिन.

गोष्ट साधी. लढाईच्या काळातलं बर्फातलं खेडं. मित्या नावाचा पोरगा आणि त्याची झोर्का गाय, गळ्यात पितळी घंटा. एका संध्याकाळी झोर्का परत येत नाही. मित्या हिवाळाभर तिला शोधतो. आणि शेवटच्या पानावर एका बर्फाळ संध्याकाळी घंटा वाजते, मित्या धावत बाहेर येतो, तर झोर्का दारात उभी. आमच्याकडच्या कितीतरी कालवडींची नावं झोर्का आहेत. आमच्या गोठ्यातही एक होती. ते पुस्तक माझ्या गोणपाटावर सगळ्यात आधी संपायचं. माझं दुकान उभं राहिलं ते अशा पुस्तकांवर.

मग रशिया मोडला, गाडी बंद झाली, आणि काही वर्षांनी पुण्याच्या शिकलेल्या लोकांना आपलं बालपण आठवायला लागलं. तिथल्या एका प्रकाशकानं या पुस्तकांचं प्रदर्शन भरवलं. त्यासाठी माझ्याकडून गाठोडंभर पुस्तकं नेली, दुकानात बसून दोनदा चहा प्याला, ‘तुम्ही नसता तर’ असं चार वेळा म्हणाला. मी कौतुकानं पाहायला गेलो. काचेच्या पेटीत माझी झोर्का, आणि खाली चिठ्ठी : ‘रद्दीतून वाचवलेली पुस्तकं’. माझं नाव कुठंही नाही. अहो, रद्दीतून वाचवली म्हणजे कोणाच्या हातातून वाचवली? माझ्या? मीच त्यांना एकेक करून प्लास्टिक घातलं होतं! मी तिथंच आवाज चढवला. एका सुती साडीतल्या बाई म्हणाल्या, “शांतता राखा, इथं वाचन चालू आहे.”

ते माझ्या छातीत अजून आहे. मला कळलं, की तोच प्रकाशक ‘झोर्का’ नव्यानं काढणार आहे. मी ठरवलं, झोर्का मी काढणार.

आणि तेव्हाच स्वातीचा फोन आला. स्वाती माझी मुलगी, पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला संख्याशास्त्रात पीएच.डी. करते. म्हणाली, “बाबा, आमच्या प्रोफेसरांच्या घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचं जेवण. त्यांच्या भिंतीवर एक चित्र आहे. मित्या, झोर्का, सेम टु सेम! त्यांचे वडील म्हणजे येगोर लुझिन. आजोबा अजून आहेत, याच गावात. आणि पुण्याहून त्यांना ई-मेल पण आलाय.”

मी तिकीट काढलं.

स्टेट कॉलेज

एडिसनहून स्वाती मला घ्यायला आली. वाटेत डोंगर आणि मका, मका आणि डोंगर, मधेच घोडागाडीतून जाणारे काळ्या टोपीतले लोक. मोटारींच्या या देशात ते हौसेनं मागे राहिले आहेत, असं स्वाती म्हणाली. मला त्यांच्या घोड्यांचे पाय बरे वाटले.

गाव म्हणजे विद्यापीठ, आणि उरलं ते विद्यापीठाचं पार्किंग. स्वाती दोघींबरोबर भाड्यानं राहते, एक नागपूरची आणि एक कोरियाची. फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर नावाची पट्टी. मी चुकून कोरियाच्या कप्प्यातलं लोणचं खाल्लं. वाईट नव्हतं, पण त्यात मासा होता, हे नागपूरच्या मुलीनं मी खाऊन झाल्यावर सांगितलं. “काका, आता झालंच आहे तर पूर्ण संपवा,” असंही वर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही म्हाताऱ्याकडे गेलो. किराणा दुकानामागे वृद्धांसाठीची चार मजली इमारत, आत रुग्णालयासारखी शांतता, आणि त्याच्या दारापाशी मात्र शेपूच्या भाजीचा वास. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

“त्यांना मिस्टर लुझिन म्हणायचं नाही हं,” स्वातीनं बजावलं. “येगोर सावेल्येविच म्हणायचं. स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव.”

“मग हे आपल्यासारखंच झालं.”

“हो, पण ते रोज वापरतात. आपण फक्त फॉर्म भरताना.”

येगोर सावेल्येविच दारात उभाच होता. उंच, वाळलेला, कानांत यंत्रं, अंगात बटणं घट्ट लावलेला स्वेटर. नव्वदीला टेकलेला माणूस, पण हस्तांदोलन असं की माझी अंगठी बोटात रुतली. जनावरं राखलेला हात ओळखू येतो. त्यानं आम्हाला बसवलं आणि बशीत कसलंतरी भगरीसारखं तपकिरी धान्य शिजवून, वर लोणी घालून दिलं. चहाबरोबर चमचाभर मुरांबा वेगळा. तो चहात घालायचा की तोंडात, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी दोन्ही केलं. मी भडंग काढलं. त्यानं मूठ भरून खाल्लं, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, आणि पुन्हा मूठ भरली.

आमची भाषा अशी : तो मोडक्या इंग्रजीत स्वातीशी बोलायचा, ती मला मराठीत सांगायची, आणि माझं ती त्याला गोड करून सांगायची. गोड करते हे मला लगेच समजलं, कारण माझं वाक्य लहान असायचं आणि तिचं मोठं.

मी माझं पुस्तक टेबलावर ठेवलं. माझ्याकडची सगळ्यात चांगली प्रत. त्यानं मुखपृष्ठावरून तळवा फिरवला. आपलं नाव देवनागरीत पाहिलं आणि विचारलं, “यातला मी कुठला?” स्वातीनं बोट ठेवून दाखवलं.

मग तो आपलं सांगू लागला. या एका पुस्तकानं त्याला सगळं दिलं. ते शाळेत लागलं, रेडिओवर वाचलं गेलं, मुलं रस्त्यात थांबवून झोर्काची चौकशी करायची. शहरात दोन खोल्यांचं घर मिळालं. मग वरून सांगितलं गेलं, की झोर्काचं पुढचं पुस्तक लिहा, सामुदायिक शेतीवर झोर्का भरपूर दूध देते असं.

“आणि लिहिलंत?” मी विचारलं.

“दोन लिहिली. मेलेली गाय दोन पुस्तकं दूध देत होती. तिसऱ्याला मी नाही म्हणालो.”

नाही म्हटल्यावर छापणं थांबलं. पुढची वर्षं त्यानं खेळण्यांच्या खोक्यांवर दोन दोन ओळींची बडबडगीतं लिहिण्यात काढली. मग देशच गेला, दुकानांत खुनाच्या गोष्टी आल्या, बायको वारली आणि मुलानं त्याला इकडं आणलं. इथल्या लायब्ररीनं एकदा मुलांपुढं वाचायला बोलावलं होतं. मुलं गप्प बसून ऐकत होती, पण नंतर शेवटावरून त्यांच्या आयांनी तक्रार केली.

हे सगळं मी ऐकत होतो, पण माझं डोकं मघाच्याच एका शब्दावर अडकलं होतं. “स्वाती, मेलेली गाय म्हणजे काय? झोर्का तर परत येते.”

स्वातीनं विचारलं. म्हाताऱ्यानं भुवया वर केल्या. “परत? नाही. मित्या तळ्यावर जातो. बर्फाखालून घंटा ऐकू येते. शेवट.”

“असं नाहीच!” मी पुस्तक उघडून शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. स्वातीनं त्याला इंग्रजीत सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “छान आहे. पण हे मी नाही लिहिलं.”

मी स्वातीकडे पाहिलं, स्वातीनं माझ्याकडे. पन्नासेक वर्षं अख्ख्या जिल्ह्यानं ज्या गायीवर जीव लावला, ती तळ्यात बुडालेली होती!

“आणि तळंही मी लिहिलं नव्हतं,” म्हातारा पुढं म्हणाला. “तळं संपादकाचं. माझ्या वहीत वेगळं होतं.” तो थांबला आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाला, “वी एट हर.”

एवढं इंग्रजी मला येतं.

“उपासमार होती,” स्वाती हळूच सांगू लागली. “ते आठ-नऊ वर्षांचे होते. गावानं मिळून…”

“कळलं,” मी म्हणालो. चमचा खाली ठेवला.

आता त्यानं आपली अट सांगितली. मराठीत पुन्हा छापायचं असेल तर छापा, पैसे नकोत, पण या वेळी खरा शेवट छापायचा. पहिल्यांदा. रशियात जमलं नाही, इथं जमणार नाही, तर तुमच्याकडे.

“आमच्याकडे!” मी उभा राहिलो. “अहो, आमच्याकडे? मुलांच्या पुस्तकात गाय कापून खाल्ली? माझं दुकान राहील का? स्वाती, सांग त्यांना, की मी उलट बाजूनं बोलतो. पैसे पाहिजे तितके घ्या, शेवट माझा ठेवा.”

“बाबा, ओरडू नका. इथं शेजारी कम्प्लेंट करतात.”

“करू देत! आणि गोड करून सांगू नकोस!”

म्हाताऱ्याला भाषांतराची गरज पडली नाही. तोही उभा राहिला, आणि रशियनमध्ये माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरू झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं, मधे भडंग. मी आयुष्यात शेकडो सौदे केलेत. समोरच्याला काय पाहिजे हे कळलं की निम्मा सौदा होतो. या माणसाला काय पाहिजे ते मला कळलं होतं, आणि तेच मला देता येत नव्हतं.

आम्ही दारातून बाहेर पडताना त्यानं सांगितलं, की पुण्याच्या लोकांनी मूळ रशियन मजकूर मागवला आहे, भाषांतर ‘शुद्ध’ करून काढू म्हणतात. म्हणजे त्यांची झोर्का तळ्यात. मुलगा उत्तर पाठवणार होता. माझ्याकडे दोन दिवस होते.

स्वातीचं स्वयंपाकघर

सकाळी चहा घेत मी पुस्तक पुढ्यात घेऊन बसलो. राग गेला नव्हता, पण आता तो कोणावर करायचा हे कळेना. म्हाताऱ्यावर? त्याची गाय त्यानं खाल्ली. संपादकावर? त्यानं निदान बुडवली. मग परत आणली कोणी?

“भाषांतरकारानं,” स्वाती म्हणाली. “त्यांचं नाव काय आहे?”

मला सांगता आलं नाही.

“बाबा, तुम्ही हे पुस्तक इतकी वर्षं विकताय ना?”

“भाषांतरकाराचं नाव विचारून कोणी पुस्तक घेत नाही.”

“हं,” असं ती म्हणाली. तिचं ते ‘हं’ मला आवडलं नाही. आतल्या पानावर बारीक अक्षरांत सापडलं : भा. ग. तिकोटेकर. ही भाषांतरं मॉस्कोत व्हायची. हा तिथं बसलेला कोण तिकोटेकर? मजकूर समोर असताना त्यानं उलट का लिहिलं? गाय मारायला हात धजला नाही म्हणावं, तर त्याच गाडीतून आलेल्या इतर पुस्तकांत मेंढ्या आणि डुकरं खुशाल मरतात.

मी शेवटचं चित्र पाहत होतो. अंगण, बर्फ, फाटक अर्धवट उघडं, धुराडं, आणि फाटकापासून गोठ्यापर्यंत खुरांच्या खुणा. गाय चित्रात नाहीच. मला कधी खटकलं नव्हतं, कारण मला ठाऊक होतं की ती आत आहे.

तेवढ्यात मी चहा खाली ठेवला. जनावराचा खूर दुभंगलेला असतो. निमुळती टोकं ज्या बाजूला, तिकडे जनावर चाललेलं. हे आमच्या घरात रांगतं पोरही सांगेल.

“स्वाती, फोनवर हे मोठं करून दाखव.”

तिनं फोटो काढून मोठा केला. छपाईचे ठिपके फुटले, पण टोकं दिसत होती. गोठ्याकडे. सगळी.

“आत येतेय ती,” मी म्हणालो.

स्वातीनं पुस्तक आपल्याकडे ओढलं. “म्हणजे तिकोटेकरांसमोर टेक्स्ट म्हणत होतं गेली, आणि चित्र म्हणत होतं आली?”

“खेड्यातला असणार. त्यानं खुरांवर विश्वास ठेवला.”

पुन्हा येगोर सावेल्येविच

त्यानं दार उघडलं, पण बसा म्हणाला नाही. मीही बसलो नाही. पुस्तकाचं शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि खुरांवर बोट ठेवलं. भाषांतर लागलंच नाही. तो वाकला, मग कपाटातून आपली रशियन प्रत आणि भिंग घेऊन आला. चित्र तेच. तो एकेका खुणेवरून भिंग सरकवत गेला, फाटकापासून गोठ्यापर्यंत, आणि पुन्हा गोठ्यापासून फाटकापर्यंत.

“हे चित्र कोणी काढलं?” स्वातीनं विचारलं.

“वेरा. माझी बायको.”

संपादकानं शेवट बदलला तेव्हा तो सगळ्यांवर चिडला होता, तिच्यावरही, कारण ती म्हणाली होती की छापून तर येऊ दे. पुस्तक घरात आलं, पण शेवटचं पान त्यानं कधी नीट उघडून पाहिलंच नाही. इतकी वर्षं.

तो खाली बसला. मला वाटलं आता रडेल. पण तो हसायला लागला, भडंगाचा ठसका लागला होता तसा.

“वेरा लेनिनग्राडची,” तो म्हणाला. “ती गाय ट्रामच्या खिडकीतून पाहिलेली बाई. तिला खूर काय कळणार? बटाटा आणि खूर तिला सारखेच.”

“म्हणजे चुकून?” मी विचारलं.

“कदाचित.”

“का मुद्दाम?”

“कदाचित.” त्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. “ती माझ्याबरोबर एकदा गावी आली होती. माझ्या आईशी गोठ्यात बोलत बसायची. काय बोलायच्या, मी कधी विचारलं नाही.”

मी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याची बाजू पडलेली असताना भाव केला नाही. त्यानंच बोलायला सुरुवात केली.

“मराठी करणाऱ्या त्या माणसाचं नाव काय?”

“भा. ग. तिकोटेकर.”

“भा म्हणजे?”

“भास्कर असेल. भालचंद्र असेल.”

“ग म्हणजे वडील?”

“हो.”

“वडिलांचं नाव काय?”

“गणेश, गोविंद, गोपाळ… माहीत नाही.”

त्यानं नापसंतीनं मान हलवली. ज्याच्या बापाचं नाव माहीत नाही त्या माणसाला हाक कशी मारायची, असा त्याचा चेहरा झाला होता. मग त्यानं नव्या अटी सांगितल्या, आणि स्वातीनं त्या जशाच्या तशा सांगितल्या. शेवट मराठीतलाच ठेवा. त्या माणसाचं नाव मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाइतकंच मोठं. वेराचं नावही. शेवटचं चित्र पूर्ण पानभर, आणि त्याखाली एक शब्दही छापायचा नाही.

“आणि चौथं नाव?” मी विचारलं.

“कोणाचं?”

“प्रकाशकाचं. ते कुठं?”

“बाबा!”

म्हातारा मात्र माझ्याकडे बघून डोळे मिचकावून म्हणाला, “मागे. छोटं.” आणि सही केली. पुण्याला काय कळवायचं ते मुलाला सांगतो, म्हणाला.

निघताना त्यानं माझी प्रत मागितली. मी ती कोणालाही देत नाही. मी दुसरी पाठवतो म्हटलं, नवी छापली की दहा पाठवतो म्हटलं. तो नुसता हात पुढं करून उभा राहिला, त्या दुकानातल्या बाईंच्या यंत्रासारखा. शेवटी मी दिली. बदल्यात त्यानं आपली दिली. मला रशियन येत नाही, त्याला मराठी येत नाही. भाव बरोबरीचा झाला असं स्वातीचं म्हणणं. मला अजून नक्की सांगता येत नाही.

सांगली

परत आल्यापासून तिकोटेकरांना शोधतो आहे. तिकोट्याकडच्या दोघांना विचारलं, मिरजेत एकाला विचारलं. एक म्हणाले, असा माणूस होता. एक म्हणाले, तो वेगळा. मंडळींनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, “मग आपल्या गोठ्यातल्या झोर्काचं नाव चुकलं का?” मी म्हटलं, विचार करून सांगतो.

पुस्तक आता छपाईला आहे. मुखपृष्ठावर तीन नावं, सारख्या आकाराची. माझं मागे, छोटं. परवा छापखान्यातून संगणकावर पानं लावणारे कुलकर्णी आले, चाचणी छपाई घेऊन. शेवटचं पान मोठ्या अभिमानानं पुढं केलं. पांढरंशुभ्र अंगण, उघडं फाटक, धुराडं.

“जुन्या कागदावर डाग पडले होते, मालक. फाटकापासून पार गोठ्यापर्यंत. सगळे काढून टाकले.”

मी इतका ओरडलो, की समोरच्या चहावाल्यानं गाडा सोडून रस्ता ओलांडला. ते डाग नाहीत, ती गाय आहे, असं मी त्यांना सांगितलं. कुलकर्णी घाबरले, चष्मा पुसला, जुनं चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

“हो की,” ते म्हणाले. “पण मालक, येतेय का जातेय?”

“ते नंतर बघू,” मी म्हणालो. “आधी तिला परत आणा.”